उत्तर आलं नाही, हे सांगणाऱ्या कणसेबाई

कणसेबाईंची आणि माझी पहिली भेट चुकूनच झाली. सैन्यभरतीसाठी पलूसहून साताऱ्याला आलो होतो, छातीच्या मापात बाद झालो आणि उन्हातून एस.टी. स्टँडकडे जाताना पंख्याच्या आशेनं एका ऑफिसात शिरलो. वाटलं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान असेल. ते बाईंचं सॉफ्टवेअरचं ऑफिस निघालं. बाईंनी आधी पाणी दिलं, मग एक मोबाईल हातात ठेवला. स्क्रीनवर लिहिलं होतं, ‘काहीतरी चुकले आहे.’

“हे वाचून तू काय करशील?”

“मोबाईल आपटीन.”

“उद्यापासून ये,” बाई म्हणाल्या.

मी डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला. त्यानंतर गोव्यात हॉटेलात, मग पुण्यात टेंपोवर. गोव्याचं सांगायला बसलो तर हा गौरवग्रंथ पुरायचा नाही, तेव्हा राहू द्या. कुठंच न टिकणारा मी बाईंकडे टिकलो, एवढंच सांगतो. त्यांच्या साठीनिमित्त लेख मागितला तेव्हा आनंदाचं काही लिहीन, असं संपादकांना कबूल केलं होतं. पण हे मी सांगलीत दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. आत माझी काकी आहे. उसाला पाणी पाजताना तिला घोणस चावली. पाय राहतो की जातो, याची आम्ही वाट बघतोय. बाईंच्या कामाशी याचा संबंध आहे, म्हणून नीट क्रमानं सांगतो.

बाईंनी मला शिकवलं ते असं. आपलं ॲप विचारणारं, लांबचा सर्व्हर सांगणारा, आणि काही अडलं तर नुसता एक आकडा पाठवणारा. चारशेच्या घरातला आकडा परत आला तर आपलं विचारणंच चुकलेलं असतं. तेच पुन्हा पुन्हा विचारून काही होत नाही. पाचशेच्या घरातला आला तर बिघाड त्यांच्याकडे. जरा थांबून पुन्हा विचारावं. आणि कधीकधी काहीच येत नाही. “‘नाही’ असं उत्तर येणं वेगळं आणि उत्तरच न येणं वेगळं,” बाई बजावत. “कोडमध्ये दोन्ही एकात कालवलीस तर माझ्याशी गाठ आहे.”

तेव्हा आम्ही एका संस्थेसाठी ॲप करत होतो. सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते गावकऱ्यांना दाखवायचं. शिराळ्यापासून पलूसपर्यंतची गावं त्यात होती. लस असेल तर हिरवी पट्टी, नसेल तर लाल, आणि सर्व्हरकडून काही कळलंच नाही तर पिवळी.

दर शनिवारी बाई स्वतःच्या हातानं इंटरनेटची वायर ओढून काढत. मग ज्याच्या कोडमधून जो मेसेज येईल, तो त्यानं इमारतीच्या पहाऱ्यावरच्या निवृत्त सुभेदार काकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. पुढं काय करायचं ते काकांना समजलं तरच पास. माझा पहिला मेसेज होता, ‘कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

“थोडा येळ म्हंजी किती रं?” काका म्हणाले. “साप चावल्याला गडी हितं वाट बघत बसंल व्हय? भरतीवाल्यांनी तुला का घालवला, आत्ता कळलं!”

सगळं ऑफिस हसलं. बाई हसल्या नाहीत. ‘साठ्याची माहिती आत्ता मिळाली नाही. निघण्याआधी या नंबरवर विचारा,’ असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं आणि खाली फोनचं बटण द्यायला लावलं.

संस्थेच्या कार्यवाहांना ही पिवळी पट्टी लय खटकली.

“मॅडम, उद्घाटनाला पाहुण्यांसमोर पिवळं आलं, आमची लाज गेली. उत्तर नाही आलं तर आधीचं हिरवं तसंच राहू द्या की.”

“आधीचं दाखवते. पण ते कधीचं आहे, ते शेजारी लिहून.”

“मग काम दुसरीकडं देतो.”

आणि दिलं. त्यानंतर ऑफिस रिकामं होत गेलं. जाणाऱ्या प्रत्येकासाठी बाईंनी स्वतः फोन करून पुण्यात शब्द टाकला. माझी कुठंच सोय लागेना, तर मला त्यांनी आपल्या घरी जेवायला ठेवलं.

नव्या ॲपमध्ये उत्तर आलं नाही तरी हिरवं हिरवंच राहतं. चुलतभावानं तेच बघून काकीला गाडीवर घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथली लस आदल्या दिवशीच संपली होती. डॉक्टरांनी लगेच सांगलीला पाठवलं, पण मधला वेळ गेला तो गेलाच.

बाई साताऱ्याहून मिळेल त्या एस.टी.नं आल्या. काकीनं त्यांचा हात धरला.

“आवं बाई, ह्यो म्हणतोय, आदी तुमीच केल्यालं. मग तुमचंच का न्हाई ठिवलं त्यांनी?”

“मला त्यांना पटवता आलं नाही, वहिनी.”

“ह्यात पटवायचं काय हाय? त्यांच्यातलं कुनी उसात जात न्हाई व्हय?”

बाईंनी काकीचा हात हलकेच सोडवला. बाहेर येऊन त्यांनी कार्यवाहांना फोन लावला. दुरुस्ती फुकट करून देते म्हणाल्या. “बघू, मीटिंगमध्ये घेऊ,” असं पलीकडून आलं. त्या दिवसापासून बाई रोज सकाळी एकेका दवाखान्याला स्वतः फोन लावतात आणि कुठं लस आहे ते गावांच्या ग्रुपवर टाकतात. कुणी फोन उचलला नाही, तर त्या दवाखान्यापुढं ‘कळलं नाही’ असंच लिहितात.

इथवर लिहिलं आणि आज डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. मी मोबाईल उघडून बघितला. ॲपवर तो पहिला दवाखाना अजून हिरवाच आहे.

अशा लेखाच्या शेवटी शुभेच्छा देतात. मला उत्सवाचे शब्द सुचत नाहीत. कणसेबाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांचा आवाज आणि कान शाबूत राहोत, एवढंच हात जोडून मागतो. आदर आहेच, पण खरं सांगायचं तर भीतीपोटी मागतोय. उद्या त्या थकल्या तर सकाळचे हे फोन कोण लावणार, मला माहीत नाही.