गंगव्वाचा झिपऱ्या

संध्याकाळचे साडेपाच वाजले की गंगव्वा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी ओढायची. ते बिचारं कमरेत वाकून आत डोकावायचं, तर आत साठी उलटलेली ही बाई शेंगदाण्याच्या पोत्यावर मांडी ठोकून, पदर खोचून बसलेली, आणि समोर टीव्हीवर जपानी कार्टून. राक्षसांच्या झुंजीचं. पोरंटोरं आपापला राक्षस पाळतात, गावोगाव हिंडतात आणि एकमेकांच्या अंगावर सोडतात, एवढीच त्यातली गोष्ट, पण वर्षानुवर्षं चाललेली.

"पावणं, सहाला या," गंगव्वा मान न वळवता सांगायची.

"नुसती काडेपेटी पायजे हो."

"मग अर्ध्या तासात काडेपेटीबिगर मरताय व्हय?"

तिच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहाव्यात म्हणून बसले खरी, पण चांगलं काही आठवायच्या आधी तिचं तोंडच आठवतं. उंच, हाडकुळी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे रागावली की कानडीत बोलायची आणि शांत असली की मराठीत. म्हणजे बहुतेक कानडीतच. कोल्हापुरात आमच्या गल्लीत कुणाचं म्हणून तिला कौतुक नव्हतं. कुणी सांगितलं, मुलगा इंजिनिअर झाला, तर ही म्हणणार, "व्हय? मग आता काय पाऊस पाडणार काय त्यो?" मी एकदा हौसेनं नवी साडी दाखवायला गेले. तिनं पदर दोन बोटांत धरून चुरगाळला आणि म्हणाली, "पडद्याला चांगलं हाय कापड." ती साडी मी पुन्हा नेसले नाही, आणि त्याचाही मला अजून राग आहे.

कार्टूनमधल्या हिरोलाही तिनं सोडलं नव्हतं. तो लाल गमबूट घालायचा, म्हणून त्याचं नाव गमबूट. "किती वरसं झाली बघ, अजून मिशी न्हाय फुटली त्याला," ती म्हणायची. "आई घरात एकटी, आन् ह्ये मुंगसागत कायतरी खांद्यावर घिऊन गावभर हिंडतंय. हरलं की रडतंय, जिंकलं की रडतंय. ह्येला काय पैलवान म्हणायचं?" तिचं मन होतं गमबुटाच्या वैऱ्यावर. लांब केसांचा, ताठ मानेचा एक पोरगा. त्याला ती झिपऱ्या म्हणायची. त्याच्याकडे खवल्यांचा काळा राक्षस होता, तो तिच्या हिशेबी रेडा. "माजुरडं हाय पोरगं," ती म्हणायची, "पर हाणायचं तर पुरतं हाणतंय. समोरच्याला लेचंपेचं समजत न्हाय." तिच्या तोंडून एवढी स्तुती मी दुसऱ्या कुणाची ऐकली नाही.

मग एके दिवशी झिपऱ्या हरला, पाठ फिरवून चालता झाला, आणि कार्टूनमधून गेलाच. नातीनं, पिंकीनं सांगितलं, "आज्जी, आता नवे भाग सुरू झालेत, तो नाही येणार." गंगव्वाला ते पटलं नाही. नवीन वैरी येत राहिले आणि ती एकेकाला नावं ठेवत राहिली. रोज शटर वर करताना पिंकीला विचारायची, "आलं न्हाय न्हवं ते?"

हे सगळं मला कसं माहीत, तर मी तिथेच बसलेली असायचे. आणि ती माझ्याशी बोलत नसायची. ते का, हे सांगायला मागं जावं लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीत नागपंचमीला मारुतीच्या देवळापुढं बायकांचे खेळ व्हायचे आणि शेवटी फुगडी लागायची. नियम एकच. हात आडवे धरायचे, पाय जुळवायचे, मागं झुकायचं आणि गरगरायचं. जी आधी 'बास' म्हणेल ती हरली. दरवर्षी बाकीच्या गळून जायच्या आणि उरायचो आम्ही दोघी. गंगव्वा तरुणपणीच विधवा झालेली. विधवेनं खेळायचं नसतं, असं एकदा कुणीतरी कुजबुजलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "नवरा गेलाय. पाय न्हाय गेलं." परत कुणाची टाप झाली नाही. माझा हात धरताना मात्र तोंड कडू करायची. "जिचं तोंड बघू नये वाटतंय, तिचाच हात धराय लागतोय. काय पाप केलंय मी, शाले?"

कधी ती जिंकायची, कधी मी. जास्त वेळा ती, हे आता सांगायला हरकत नाही.

त्या वर्षी आमचे हे छातीच्या दुखण्यानं महिनाभर अंथरुणाला खिळलेले. आदल्या दिवशी कासाराकडून मी हिरव्या बांगड्या भरून घेतल्या होत्या, मनगटाला घट्ट बसणाऱ्या. फुगडी भरात आली. देऊळ, पिंपळ, बायका, सगळं एकात एक मिसळलं, आणि त्या गरगरण्यात माझ्या कानाला आवाज आला, तड. बांगडीचा. डोळ्यांपुढं दुसरं काही आलंच नाही, फक्त यांचं अंथरूण. मी हात सोडला.

गंगव्वा मागच्या मागं देवळाच्या पायरीवर आदळली. मनगट मोडलं. आणि मी काय केलं? तिच्याकडे बघायच्या आधी मी माझ्या बांगड्या चाचपल्या. एक तडकली होती, फुटली एकही नव्हती. बायकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हाताला तेल होतं ग. निसटला."

गंगव्वाचं मनगट वाकडं बसलं ते कायमचं. त्याच वर्षी आम्ही इचलकरंजीला गेलो, यांना तिथं मागाच्या कारखान्यात लिहिण्यापुसण्याचं काम मिळालं होतं. चार वर्षांनी हे गेले. पुढं पाच वर्षं मी शिवणकामावर काढली आणि दोन हजार सालानंतर कोल्हापूरला, त्याच गल्लीत, गंगव्वाच्या दुकानासमोरच्या माझ्या दोन खोल्यांत परत आले.

पहिल्या दिवशी साखर आणायला गेले. काउंटरच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, मध्ये दोन हात अंतर.

"पिंके, इचार त्यांला, साखर बारीक पायजे का जाड?"

पिंकी, सात-आठ वर्षांची, माझ्याकडे वळली. "बारीक का जाड?"

"जाड म्हणावं."

"जाड म्हणतायत, आज्जी."

"ऐकू येतंय मला. भैरी हाय काय मी?"

असं दीड वर्ष चाललं. दुसरं दुकान नव्हतं का? होतं की, कोपऱ्यावर चांगलं मोठं होतं. पण का कोण जाणे, माझे पाय तिकडे वळले नाहीत. एकदा साडेपाचला मी आत असतानाच तिनं शटर ओढलं. मी अडकले ती अडकलेच. बिस्किटांच्या डब्यावर बसून ते कार्टून बघितलं. अर्धा तास डोक्यावर नुसते हिंदीत किंचाळणारे राक्षस. इतका भिकार प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मला बरोबर पाच पंचविसाला काहीतरी आणायचं आठवायला लागलं.  आणि तिथं बिस्किटांचा डबा भिंतीकडून जरा पुढं सरकवून ठेवलेला असायचा.

आणि मग तो दिवस आला. पिंकी शाळेतून धावत आली, दप्तरासकट पोत्यावर आदळली. "आज्जी! आज झिपऱ्या येणार! जाहिरातीत दाखवला काल."

गंगव्वानं शटर पार खाली ओढलं. मी आत होते.

झिपऱ्या आला. पण केस कापलेले. "झिपऱ्या कुठं गेल्या ग ह्याच्या?" गंगव्वा ओरडली. काळा रेडाही नव्हता. हातात मांजराएवढं एक पिल्लू. शांतपणे सांगत होता, मी आता लढत नाही.

"मग आलास कशाला, पाव्हणचार खायला?" गंगव्वा टीव्हीला म्हणाली. "मोठा शाणा झालायस."

गमबूट मात्र हटून बसला, एकदा तरी लढ म्हणून गळ्यातच पडला. शेवटी झिपऱ्या उभा राहिला. आणि काय सांगू, मला त्यातलं काही कळत नसताना मीही डब्यावरून पुढं सरकले. झुंज बराच वेळ बरोबरीत चालली. मुंगूस दमलं, पिल्लू दमलं. आणि अचानक झिपऱ्यानं हात वर केला, पिल्लाला मागं बोलावलं आणि हसून वळला. संपलं. गमबूट जिंकला, उड्या मारायला लागला.

गंगव्वा पोत्यावरून उठली. "सोडलं! हरलं न्हाय त्ये, सोडलं!"

"आज्जी, त्याचं पिल्लू दमलं होतं," पिंकी म्हणाली.

"दमलं म्हणून त्यो सांगणार. समोरचा खेळतोय पुरता, आन् मधीच सोडायचं? ह्यापरीस तोंडावर थुकलेलं बरं." आणि मग ती माझ्याकडे वळली. सरळ माझ्याकडे, मध्ये पिंकी नाही. "तू का सोडलास हात?"

माझ्या तोंडून जुनंच आलं. "तेल होतं ग हाताला..."

"पंचमीला कुणाच्या घरात कढई चढती ग?"

 नागपंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत, विळीला हात लावत नाहीत. दिंडं उकडायची आणि खायची. हे पिंकीलाही माहीत. म्हणजे ज्या तेलावर मी इतकी वर्षं काढली ते तेल त्या दिवशी गल्लीतल्या एकाही घरात नव्हतं, आणि हे पायरीवर पडल्यापडल्याच गंगव्वाला कळलेलं होतं. गल्लीतल्या साऱ्याच बायकांना कळलं असणार. शहाणी फक्त मीच.

"बांगडी तडकली," मी म्हणाले. "हे आजारी होते तेव्हा. माझ्या मनात भलतंच आलं."

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. गंगव्वा आपलं वाकडं मनगट चोळत उभी.

"काचेपायी."

"व्हय."

"मग मालक जगलं काय?"

असं कुणी विचारतं का? पण तिनं विचारलं. मी म्हणाले, "न्हाय."

"तवाच सांगितलं असतंस तर दोन शिव्या घालून मोकळी झाली असती की मी. इतकी वरसं खोटं तेल पाजत बसलीस." मग तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते, तिच्यासारखेच. "आता तर मनगटात आडवं यायला काय न्हाय. ऊठ."

"काहीतरीच काय, गुडघे बघ माझे..."

"गुडघ्यानं फुगडी खेळतीस काय? ऊठ म्हणते न्हवं."

तेलाचे डबे आणि तांदळाची पोती यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत, बंद शटरच्या आत, दोन म्हाताऱ्यांनी फुगडी धरली. तिच्या वाकड्या मनगटाची पकड अशी होती की माझी बोटं कळवळली. पिंकी टाळ्या वाजवत मोजत होती. सातव्या की आठव्या गिरकीला माझं डोकं भणभणलं आणि मी म्हणाले, "बास."

गंगव्वा थांबली. धापा टाकत माझ्याकडे रोखून बघत राहिली. "मुद्दाम म्हणालीस."

"न्हाय ग, खरंच फिरलं डोकं."

"झिपऱ्यागत सोडलंस. दया करतीस काय माझ्यावर?"

देवाची शपथ घेतली, तरी तिचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो, म्हणजे ती माझ्यावर आरोप करायला लागली. साखर घ्यायला गेलं की साखरेआधी तेच. "खरं सांग, मुद्दाम सोडलंस न्हवं?" नव्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून द्यायची ती अशी, "ही शालन. हिचा हात कधी धरू नका." मी पाहुण्यांकडे गेले की परत आल्यावर चार दिवस टोमणे. माझ्या आयुष्यातली इतकी वर्षं त्या बाईनं खाल्ली, आणि मी रोज पाच पंचविसाला समोरून ताट भरून द्यायला जात राहिले.

पुढं साखरेच्या दुखण्यानं ती खंगली. दुकान मुलानं चालवायला घेतलं. एका दुपारी मी तिच्या मागच्या खोलीत बसले होते. पिंकी कॉलेजात जायला लागली होती. आजीला बरं वाटावं म्हणून तिनं टीव्ही लावला. तेच कार्टून. अजून चाललेलं.

गंगव्वानं डोळे न उघडता विचारलं, "गमबुटाला मिशी फुटली काय?"

"न्हाय," मी म्हणाले.

"मग बंद कर."

पिंकीनं बंद केलं. मी तिचं वाकडं मनगट हातात घेतलं होतं. जपूनच घेतलं होतं, आता त्यात काही राहिलं नव्हतं म्हणून.

"सैल धरलीस," ती म्हणाली. "तुझं कायम असंच."

मी घट्ट धरलं. तिनंही धरलं. जोर कुठून आणला देवाला ठाऊक. "आता बघ," ती म्हणाली, "मी न्हाय म्हणणार बास."

त्यानंतर ती दोन दिवस होती. पाणी मागितलं, मुलाला शिव्या घातल्या, मी केलेल्या पेजेला 'धुवण' म्हणाली. पण तेवढा एक शब्द तिनं काढला नाही. नियम तो नियम. जी बास म्हणत नाही ती जिंकली. जातानासुद्धा त्या बाईनं मला एक फुगडी जिंकू दिली नाही.