रिकाम्या घरातली समई

देवीनं आख्खी गल्ली वाचवली, असं हदगावातले आमचे शेजारी आजही सांगतात आणि माझ्याकडं बघून हात जोडतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. देवीनं वाचवलं हे खरंच असेल. पण माझ्या हट्टापायी एका लेकराचे हात भाजले, हे कुणीच सांगत नाही.

आम्ही नांदेडला राहतो, हदगावचं घर बंद असायचं. पण कुळाचा घट मूळ घरातच बसवायचा आणि नऊ दिवस समई विझू द्यायची नाही, ही आमची रीत. मुलगा दरवर्षी कुरकुरायचा, "आई, रिकाम्या घरात दिवा कशाला ठेवतीस?" मी म्हणायची, गप रे, तुला काय कळतंय! माझा मुक्काम शेजारी जाऊबाईंकडं. सकाळ-संध्याकाळ कुलूप काढायचं, माळ बांधायची, तेल घालायचं आणि पुन्हा कुलूप. त्या वर्षी सहाव्या माळेच्या दुपारी उंदरानं वात ओढली की वाऱ्यानं पडदा समईवर आला, देव जाणे. आरडाओरडा ऐकून धावले, तर खिडकीतून जाळ बाहेर येत होता.

अग्निशमनची गाडी आली. जवान पाइप ओढून पाणी मारू लागले. पत्रे तडतडत होते, धुरानं डोळे उघडत नव्हते. त्यांच्या साहेबांनी विचारलं, "आत कुणी हाय का?"

"माझी देवी हाय!" मी छाती बडवत म्हणाले.

"माणूस हाय का, मावशी?"

"न्हाई."

"मग रिकाम्या घरात माझं पोरगं घालायचं न्हाई मला. सिलिंडर-बिलिंडर हाय का?"

हा प्रश्न माझ्या कानात शिरलाच नाही. नैवेद्याच्या स्वयंपाकासाठी आणलेला भरला सिलिंडर देव्हाऱ्याशेजारीच होता. मी मात्र एकच घोशा लावलेला, देवीचा चांदीचा टाक आणा, माझा टाक आणा! शेवटी एका जवानाला माझं रडणं बघवलं नाही. ओलं पोतं पांघरून तो आत शिरला. धुरात तो दिसेनासा झाला, तेव्हा मी भानावर आले. अगं बाई, हे काय करून बसले मी! टाक, घट, रीत, सगळं विसरले. आई, तुझं घर जळू दे, तू जळालीस तरी चालेल, पण ते लेकरू मला परत दे, एवढंच मागितलं. तसं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

तो बाहेर आला सिलिंडर कवटाळून. "देवी न्हाई सापडली मावशी, हे सापडलं," म्हणाला आणि मटकन खाली बसला. सिलिंडरची कडी तापलेली होती. त्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते.

घर गेलं, गल्ली वाचली. राखेत चांदीचा गोळा मिळाला. नवव्या दिवशी जाऊबाईंकडं मी पुरणाचा नैवेद्य केला, पण ठेवू कुणापुढं? डबा भरला आणि नांदेडचा दवाखाना गाठला. माफी मागायची होती, पण आधी डबाच उघडला. त्याच्या हातांना पट्ट्या, म्हणून मीच भरवायला बसले. नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही चाखत नाही. त्यानं आमटीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, मीठच न्हाई की!"

इतकी वर्षं मी ताट वाढतेय, देवीनं कधी चव सांगितली नव्हती. मला हसू आलं, मग रडू आवरेना. नर्सबाईंकडून मीठ मागून आणलं, आमटीत ढवळलं आणि पुढचा घास त्याच्या तोंडाशी धरला.