थाळीवरची वाफ

त्या रविवारी सकाळी देवपूजा आटोपून मी जेऊरहून गाडीने सोलापूरला आलो होतो. मी शिकवतो त्या आमच्या गावच्या शाळेतील चित्रकला स्पर्धेसाठी परीक्षक हवे होते आणि कुणीतरी मल्लिनाथ सरांचे नाव सुचवले होते. सर त्यांच्या गल्लीतल्या सभागृहात शिडीवर उभे होते. भिंतीतली कडी निखळली होती आणि पांढऱ्या पडद्याचा एक कोपरा लोंबत होता. माझे नावगाव न विचारताच ते म्हणाले, "बरं झालं आलात. हा कोपरा धरा."

सिनेमा संपेपर्यंत मी तो धरून उभा राहिलो. बाजूने, तिरका सिनेमा पाहिला. सरांची आणि माझी ओळख ती अशी झाली.

चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर सरांनी दर महिन्याच्या एका रविवारी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवून ॲनिमेशनपट दाखवायला सुरुवात केली. आमच्याकडे त्यांना सरसकट कार्टून म्हणतात. सिनेमा संपला, की प्रत्येकाने आवडलेला एक प्रसंग उभे राहून सांगायचा, अशी तिथली रीत. 'छान' हा शब्द वापरायला मात्र बंदी. "छान हे तुमचं मत झालं," सर म्हणत. "पाहिलं काय, ते सांगा."

त्या दिवशीच्या चित्रपटात एक म्हातारी अस्वलीण परगावी गेलेल्या लेकासाठी भात वाढून दारात बसते. माझी पाळी आली. "लई वाईट वाटलं," मी म्हणालो.

"वाटलं ते राहू द्या, गुरुजी. पाहिलं काय?"

मी आठवून म्हणालो, "थाळीवरची वाफ थांबली."

"आयतु!" सर खूश झाले, की असे कानडीत बोलून जातात. "झालं की! पडद्यावर कुणी रडलं नाही, तरी तुमचा आवाज का बसला, ते आता पोरांना कळलं."

मारुतीपुढे डोळे मिटून बसणारा मी माणूस. डोळे उघडे ठेवूनही मन स्थिर करता येते, हे मला सरांकडे उमगले. मग माझ्या फेऱ्या सुरूच राहिल्या.

सरांच्या मायेचा एकच प्रसंग सांगतो. विणकरांच्या वस्तीतली एक मुलगी मराठीत बोलायला लाजत असे. एकदा ती धीर करून तेलुगूत बोलू लागली. मुले खुसखुसली. सरांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिचे बोलणे पूर्ण होऊ दिले आणि म्हणाले, "पाखरू उडालं, पडलं, परत उडालं. तुझ्या हातांनी सांगितलं बघ मला." पुढच्या खेपेला ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

गेल्या वर्षी सरांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचे चित्र मधोमध पुसल्यासारखे दिसू लागले. "आता पडद्याची घडी घाला," ते मला म्हणाले. एवढ्या वर्षांचे काम तिथेच थांबणार होते. पडदा मी घरी आणला. आमच्या गावात सगळे मावतील असे छप्पर एकच, मारुतीच्या देवळाचा मंडप. तिथे हे सुरू करावे असे मनात फार दिवस होते. दोन लोखंडी कड्याही आणून ठेवल्या होत्या. पण देवळात विचारायचे कसे, या संकोचात त्या कपाटातच पडून होत्या. सरांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला, तेव्हा भजनी मंडळाच्या बाबूतात्यांना गाठलेच.

"मारुतीच्या म्होरं कार्टून?" तात्या कडाडले. "उंदीर-मांजर नाचवणार व्हय, गुरुजी?"

"एकदा बसून बघा, तात्या."

"बसतो. पन खांबाला खिळा मारायचा न्हाय. एकदाच काय ते दोरीनं बांधा."

वाढदिवसाच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला. सरांना सर्वांत पुढे खुर्ची दिली होती. मी तोच अस्वलिणीचा चित्रपट लावला. सर पडद्याकडे तोंड करून शांत बसले होते. त्यांना किती दिसत असेल, या विचाराने मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच पाहत होतो.

मग मुले त्यातला एकेक प्रसंग सांगायला उठू लागली. एका मेंढपाळाच्या लेकीने सांगितले, "करडू पुलाला भ्यालं, तर सगळा कळप माघारी आला. शेळ्या अशा माघारी येत न्हाईत, सर." मंडप हसला. ती थांबून म्हणाली, "पन याव्यात."

सर मोठ्याने हसले. एकेक प्रसंग ऐकताना त्यांचा चेहरा उजळत होता.

शेवटी तात्या उठले. "त्या म्हातारीच्या थाळीतनं वाफ येत हुती. मग बारीक झाली. मग थांबली. ती काय उठली न्हाई. नुसता पदर टाकला थाळीवर."

सरांनी आवाजाच्या रोखाने हात जोडले. "तात्या, वाफ दिसली मला. आणि तो पदर इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटला होता!"

टाळ्यांनी मंडप दुमदुमला. तात्या खाली बसता बसता मला म्हणाले, "म्होरल्या रविवारी भजन जरा लवकर उरकू की."

सरांनी अजून पुष्कळ वर्षे आमच्या पोरांना 'छान'वरून दटावावे, त्यांचे हसणे असेच खणखणीत राहावे आणि त्यांची खुर्ची कधी रिकामी दिसू नये, एवढे मी मारुतीरायाकडे मागतो.

हे मागणे मागूनच आज सकाळी मंडपात शिडी लावली. खाली तात्यांनी पडद्याचा कोपरा धरला आणि मी दोन्ही खांबांत कड्या ठोकल्या.