पिवळ्या पट्ट्यातले दोन म्हसोबा

शुक्रवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. कल्याण ठुबे वावरात चुन्याची फक्की मारतोय. एक सरळ रेघ, तिला काटकोनात दुसरी. मधल्या चौकोनाला तो प्लॉट म्हणतो. फ्लेक्सवर या जागेला इंग्रजी नाव आहे, कमान आहे, कारंजंही आहे. प्रत्यक्षात गेल्या हंगामातल्या तुरीचे खुंट आहेत.

कल्याणने आधी टेम्पो चालवला, मग वाळू उपसली. गळ्यात साखळी आल्यावर लोक शेठ म्हणू लागले आणि त्याला ते पटलं. नागापूरच्या कारखान्यांपलीकडची चिंचखडी शहराच्या आराखड्यात आली, तेव्हा त्याने पेढे वाटले. वरून घरांचं उद्दिष्ट आलं होतं. ते गाठायला शेतीचा हिरवा पट्टा पिवळा, म्हणजे निवासी, होणार होता. पेढे वाटून झाल्यावर त्याने नकाशा पाहिला. नव्या वस्तीचा रुंद रस्ता त्याच्याच रानातून दाखवला होता.

चिंचखडीत रस्ता सगळ्यांना हवा असतो, फक्त चुलतभावाच्या रानातून. हरकती मागवल्या होत्या. कल्याणने आखणीच्या बरोबर मधोमध शेंदूर फासलेला धोंडा बसवला, त्याला पुरातन म्हसोबा ठरवलं आणि रस्ता पलीकडे सरकवण्याची मागणी केली. पलीकडे चुलतभाऊ राधाकृष्णचं रान. काही दिवसांत तिथेही म्हसोबा उगवला. जरा मोठा, सिमेंटच्या ओट्यावर. हरकती ऐकणाऱ्या समितीने दोन्ही देवांचा मान राखला. पट्टा पिवळा झाला आणि रस्ता नकाशातून वगळला गेला.

रस्ता नाही म्हणून प्लॉटना मंजुरी नाही, हे शेठना फ्लेक्स लागल्यावर कळलं.

पाथर्डीकडून आलेली लंकाबाई नागापूरच्या एका वर्कशॉपात झाडलोट करते. ऊसतोड सोडून तिने इथे बिऱ्हाड केलं. तिचं घरकुल मंजूर आहे, पण मार्चअखेर मंजूर प्लॉट दाखवला नाही तर ते रद्द होतं. प्लॉट देतो या कल्याणच्या शब्दावर तिने दुसरीकडे जागा पाहिलीच नाही. आज कामावर जाताना ती वाकडी वाट करून वावरात आली.

“शेठ, आली का परवानगी?”

“येती, मावशी. सायबाशी बोलनं झालंय.”

“बोलनं दिवाळीपसून चाललंय. तेवढा धोंडा उचला की.”

“धोंडा म्हनू नका. जागृत देव हाय.”

“मागल्या वर्सी मी हितंच खुरपत हुते. तवा न्हवता. मंग आला कशानं, तुमच्या टेम्पोनं?”

पलीकडे राधाकृष्ण दात घासत उभा होता. तो तोंडातल्या फेसासकट हसला.

“आधी त्याला त्याचा काढाय सांगा,” कल्याण म्हणाला.

“थोरला तू हायस, दादा. मान तुजा,” राधाकृष्ण म्हणाला. “का भ्यालास?”

भ्यालाच होता. हरकतीला वजन यावं म्हणून कल्याणनेच गावभर सांगितलं होतं की या देवाने एक जेसीबीवाला आडवा पाडला. तेव्हापासून एकही जेसीबीवाला तिकडे फिरकत नाही. स्वतः हात लावावा, तर मुलगी तापाने फणफणली तेव्हा त्याने इथेच नारळ फोडला होता आणि ताप उतरला होता. स्वतः बसवलेल्या देवाला नवस बोलणारा माणूस चारशे घरांची वसाहत उभी करायला निघाला आहे, आणि सरकारी उद्दिष्टात ती घरं धरलेली आहेत.

“मावशी, मार्चला अजून टाइम हाय,” तो म्हणाला.

“तुमाला हाय,” लंकाबाई म्हणाली आणि डांबरीकडे चालू लागली.

कल्याणने पुन्हा फक्कीची पाटी उचलली.

दोन्ही भावांनी देव हलवून एकत्र संमती दिली, तर रस्ता नकाशात परत घेण्याचा प्रस्ताव पाठवता येतो. त्यासाठी दोघांना नगररचना कार्यालयात समक्ष जावं लागतं. आज ते उघडं आहे. उद्या शनिवार; कार्यालय बंद असतं. वर्कशॉपला शनिवारीही सुट्टी नसते. लंकाबाईची पाळी आठला लागते.