टाचांचं तेल, पिशवीतला चहा

माणूस गेलं की भेटायला येणारा मोकळ्या हातानं येत नाही, एक किस्सा घेऊन येतो. आमच्या अक्काचे एवढे किस्से साठलेत, की सोप्यात बसायला जागा उरली नाही! शाळेशी माझं कधी जमलं नाही, पण ऐकलेलं मी विसरत नाही. म्हणून सांगतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नव्वदच्या पुढंमागं लग्न होऊन उचगावात आली आणि जवळच्याच प्लास्टिकच्या शेडात कामाला लागली. कोल्हापूरची चामड्याची चप्पल जगात गाजली. अक्कानं जन्मभर प्लास्टिकची केली!

*

शेडात पांढऱ्या पावडरीत एक तेल घालायचं. त्यानं कडक प्लास्टिक मऊ पडतं. बायका ते हातानंच कालवायच्या, कणीक मळावी तसं. पारूमावशी शेडातली सगळ्यात जुनी. एकदा तिनं डोकं चालवलं, "एवढं प्लास्टिक मऊ करतंय, मग टाचंच्या भेगा काय चीज हाय?"

झालं! काम सुटायच्या आधी सगळ्या बायका ओळीनं बसून टाचांना तेल चोळायला लागल्या. त्यात अक्का पुढं. मालकाला कळलं तेव्हा तो तरातरा आला आणि ओरडला, "तेल काय फुकट येतंय व्हय गं?"

टाचांबद्दल तो काही बोलला नाही.

*

काही वर्षांनी अक्काला शुगर निघाली. वाळल्या शेंगेसारखी अक्का, गोडाला कधी शिवायची नाही. तरी तिच्या सासूचा एकच हेका, "चोरून गूळ खातीया!" तिनं गुळाच्या डब्याला कुलूप घातलं.

पुढच्या तपासणीत शुगर आणखी वाढलेली.

सासूनं किल्ली कमरेला घट्ट खोचली. "म्हंजे हिच्याकडं दुसरी किल्ली हाय!"

*

मग पारूमावशीला निघाली. मग मशीनवरच्या शांताला. मग आणखी दोघी-तिघींना. त्या संक्रांतीला शेडात तिळगुळाचं ताट फिरलं. हिनं तिच्यापुढं धरलं, तिनं पुढं सरकवलं. गोल फिरून ताट जसंच्या तसं अक्कासमोर!

"अगं, निदान गोड बोला तरी!" अक्का म्हणाली.

"डॉक्टरनं तेबी बंद केलंय," पारूमावशी म्हणाली.

*

शेडात चहा यायचा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. उकळता, तोंडाला दोरा बांधलेला. शुगर निघाल्यावर बायकांनी साखर सोडली, पिशवी तीच राहिली.

एकदा गावात तपासणीचं शिबिर झालं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती. बाकीचे डॉक्टर विचारायचे, गोड किती खाता? हिनं विचारलं, काम काय करता? तेलाचं ऐकून तिनं अक्काचे हात उलटेपालटे करून बघितले.

"अशा रसायनांचा बायकांच्या शुगरशी संबंध असावा, अशी शंका आहे. खात्रीनं मी सांगू शकत नाही. पण तेलात उघडे हात घालू नका. गरम चहा पिशवीतून घेऊ नका. प्लास्टिक जमेल तेवढं लांब ठेवा."

पारूमावशी हसली. "बाई, प्लास्टिक लांब ठिवलं तर चूल कशावर पेटायची?"

*

हे माझ्या कानावर आलं आणि मी तडक मालकाच्या केबिनमध्ये! टेबलावर हात आपटला. "तेलात काय हाय, सांगा!"

मालक शांत. "मीबी हितंच बसतोय की रं बाळ्या. मला कुठं शुगर हाय?"

तेवढ्यात हॉटेलवाला त्याचा चहा घेऊन आला. काचेच्या ग्लासात!

मी तो ग्लास उचलला आणि भिंतीवर फोडला. लई मोठा पराक्रम केल्यासारखा छाती काढून बाहेर पडलो.

काचा अक्काला गोळा कराव्या लागल्या.

*

मग अक्काच्या टाचेला जखम झाली. भरेना. चिघळत वर चढली आणि शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दवाखान्यात कॉटपाशी मी लहान पोरासारखा रडत होतो. अक्का म्हणाली, "बाळ्या, जन्मभर चपलांच्या जोड्या लावल्या. आता मालकाला म्हणावं, मला एकच द्या!"

मला हसू फुटलं. तशी तिनं माझा हात धरला. "रेखाला तेवढं शेडात धाडू नगंस."

रेखा तिची लेक. नुकतीच दहावी झालेली. अक्का दवाखान्यातून घरी आली नाही.

*

रक्षाविसर्जनाला नैवेद्य मांडला. सासूनं गुळाचा खडा आणून ठेवला. डब्याचं कुलूप त्या दिवशी निघालं. पारूमावशी पिशवीतून चहा घेऊन आली, अक्का प्यायची तसला, बिनसाखरेचा. पण कावळा फांदीवरून हलेना.

दाजी हात जोडून म्हणाले, "तुझ्या पोरीला अंतर देणार न्हाय." कावळा हलेना.

सासू म्हणाली, "तू गूळ खाल्लास असं पुन्हा म्हणणार न्हाय, बाई!" कावळा हलेना.

"गुळाला कशी येईल ती?" पारूमावशी पुटपुटली. "अजून पथ्यात हाय."

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. कावळा एक फांदी खाली आला. तेवढ्यात मालक पुढं झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काळजी करू नगंस. रेखाला उद्यापासनं तुझ्याच जागेवर घेतो."

कावळा उडाला आणि पार शेंड्यावर जाऊन बसला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एरवी ग्लास फोडणारा मी, पायानं माती उकरत राहिलो. रेखा उठली. पारूमावशीच्या हातातली पिशवी घेतली, दोरा सोडला, चहा पितळेच्या वाटीत ओतला आणि ती रिकामी पिशवी मालकाच्या हातात दिली.

"मामा, ह्यास्नी सांगा. मी येणार न्हाय."

कावळा खाली उतरला. गुळाला वळसा घालून वाटीपाशी गेला आणि त्यानं चहात चोच बुडवली.