आत किती, बाहेर किती

चीफकाका लिफ्टमध्ये कधी चढले नाहीत, पण आम्ही पोरं चढलो की दाराशी उभे राहून विचारायचे, "आत किती, बाहेर किती?" आम्ही "आत पाच, बाहेर एक" असं ओरडून सांगितलं की मान हलवायचे आणि जिन्यानं निघायचे. एमआरटी ट्रेनच्या दारात, हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या टेबलाशी, पोहायच्या तलावावर, सगळीकडे हाच प्रश्न. आजूबाजूची माणसं वळून बघायची. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, राहायचो. बाबा जहाजावर सेकंड इंजिनियर, सहा-सहा महिने बाहेर. चीफकाका एके काळी त्यांचे चीफ इंजिनियर होते. आता जहाज सोडून कंपनीच्या ऑफिसात बसायचे आणि आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. कॉन्डोतल्या यच्चयावत मराठी बायका त्यांचा सल्ला घ्यायच्या. इथं राहायच्या पासचं काय करायचं, पोराला कुठल्या शाळेत घालायचं, नवऱ्याचा फोन आठवडाभर आला नाही तर कुणाला विचारायचं. काका म्हणायचे, "थांबा, आधी बघू, मग पाऊल टाकू." आई म्हणायची, त्यांच्याशी बोललं की निम्मं ओझं उतरतं. लिफ्ट टाळणं म्हणजे त्यांचा व्यायाम, असंच सगळे समजायचे.

दर रविवारी समुद्राकाठी झाडाखाली बसून ते आम्हाला एक न संपणारी गोष्ट सांगायचे. तिच्यात कंदीलबाबा नावाचा एक म्हातारा होता, फार शहाणा. गुहेतली प्रत्येक वाट त्याला पाठ. तो गुहेच्या तोंडाशी कंदील धरून उभा राहायचा आणि वीरांना आत पाठवायचा. आत राहायचा श्वासखाऊ. राक्षस म्हटला की दात हवेत, नखं हवीत. या मेल्याला काहीच नव्हतं. रूप नाही, वास नाही, आवाज नाही. माणूस आत जायचा, दोन पावलं चालायचा आणि मटकन खाली बसायचा. काका हे इतक्या हळू सांगायचे की आम्ही सरकत सरकत त्यांना चिकटून बसायचो. घरी आल्यावर मी बाथरूमचं दारसुद्धा पूर्ण लावायची नाही.

एकदा माझ्या धाकट्या बहिणीनं, मनूनं, विचारलं, "कंदीलबाबा स्वतः का नाही जात, लाह?" पाच वर्षांची होती ती, शाळेतल्या पोरांसारखं प्रत्येक वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडायची. काकांचा चेहरा उतरला. उन्हाचं निमित्त काढून ते उठले, आणि त्या दिवशीची गोष्ट तिथेच राहिली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं समुद्रावरून परत येत होतो. वाटेत एक मोठा नाला रस्त्याखालून जातो. ऊन असलं की मधोमध बोटभर पाणी. मी बुटाची नाडी बांधायला वाकले, काका शहाळ्याचे पैसे देत होते, तेवढ्यात मनू पायऱ्या उतरून आत गेलीसुद्धा. बोगद्यातून तिचा आवाज आला, ती श्वासखाऊला मारायला निघाली होती. शहराकडचं आभाळ काळंठिक्कर पडलं होतं. तिकडे पाऊस झाला की हा नाला बघता बघता भरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी धावले. काकांनी माझं मनगट असं पकडलं की हाड मोडतंय असं वाटलं. मी ओरडले, चावलेसुद्धा. त्यांना म्हटलं, मग तुम्ही जा. ते शेवटच्या पायरीवर दुसऱ्या हातानं कठडा घट्ट धरून उभे होते. आवाज मात्र तसाच, गोष्ट सांगतानाचा. "मनू, माझ्या आवाजाकडे ये. मोजत ये. मोठ्यानं."

आतून "वन, टू" सुरू झालं. आकडे जवळ येत होते. पाणी माझ्या बुटात शिरलं. फोर्टीनला आवाज थांबला. त्या शांततेची भीती मला आजही वाटते, चाळिशी ओलांडली तरी वाटते. काकांनी एक पाऊल उचललं आणि तिथेच पुन्हा ठेवलं. मग पुन्हा "फोर्टीन" ऐकू आलं. पुढचा आकडाच आठवत नव्हता बयेला. ती गुडघाभर पाण्यातून रडत बाहेर आली. आम्ही वर चढलो आणि पाच मिनिटांत नाला फांद्या वाहून नेत दुथडी भरला.

मी काकांना म्हटलं, "तुम्ही घाबरलात. तुम्हीच कंदीलबाबा आहात."

ते म्हणाले, "हो."

त्यानंतर गोष्ट बंद झाली. कॉन्डोभर काकांचं कौतुक झालं आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. महिन्याभरानं बाबा परत आले. मी फणकाऱ्यानं सगळं सांगितलं. बाबांनी मला समोर बसवलं आणि काका चीफ असतानाची एक हकिगत सांगितली. जहाजाच्या पोटातल्या रिकाम्या टाकीत तेव्हाचा सेकंड इंजिनियर उतरला आणि कोसळला. बंद टाकीत गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. ना दिसत, ना वास येत. वर झाकणाशी, आत किती, बाहेर किती ते मोजायला, चीफकाका. दोन पोरगे त्याला काढायला उतरायला निघाले, तर काकांनी दोघांनाही धरून ठेवलं, श्वासाचं यंत्र येईपर्यंत. यंत्र आलं तेव्हा खालचा माणूस गेलेला होता. "त्या दोघांतला एक मी," बाबा म्हणाले. "मीही त्यांना तेच म्हणालो होतो. घाबरलात."

मी माफी मागायला गेले तर काकांनी मला बोलूच दिलं नाही. "टाकीत नियम होता गं, यंत्राशिवाय कुणी उतरायचं नाही," ते म्हणाले. "तिथं मला नियम आठवला की पाय गळाले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण नाल्यात हवा होती. तिथं जायला हवं होतं. तुझं बरोबर आहे." एवढा मोठा माणूस दहा वर्षांच्या पोरीसमोर असं बोलत होता. मी त्यांच्या हातावरचा माझ्या दातांचा वण बघत बसले.

वर्षअखेरीस ते नोकरी सोडून साताऱ्याला निघाले. चांगी विमानतळावर आम्ही चौघं पोचवायला गेलो. मी विचारलं, गोष्टीत शेवटी कंदीलबाबा गुहेत गेला का? काकांनी नुसती मान हलवली. नाही.

"पण त्यानं हात सोडला नाही," मी म्हटलं.

माझ्या मनगटावरून काकांनी अंगठा फिरवला आणि पिशवी उचलली. पासपोर्ट दाखवून ते काचेच्या उघड्या दारापलीकडे गेले तेव्हा मला राहवलं नाही. लोक बघत होते, बघू देत. मी जोरात विचारलं, "आत किती, बाहेर किती?"

ते वळले. आईकडे, बाबांकडे, मनूकडे, माझ्याकडे एकेक बोट दाखवत त्यांनी सावकाश मोजलं.

"आत एक," ते म्हणाले. "बाहेर चार."