मॅच संपेपर्यंत

उल्काताई देवपुजारींकडे एक गोष्ट होती आणि ती कॅनडातल्या मिल्टन गावच्या यच्चयावत मराठी माणसांनी निदान दोनदा तरी ऐकलेली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू असो की गणपतीचं पॉटलक, कुणाचं पोर परीक्षेच्या धास्तीनं रडकुंडीला आलं की ती गोष्ट निघायचीच. साल १९९१. उल्काताई नव्यानंच कॅनडात आलेल्या, नॉर्थ यॉर्कच्या एका बेसमेंटमध्ये राहून लॅब टेक्नॉलॉजिस्टच्या लायसन्सचा अभ्यास करत होत्या. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी नागपूरला त्यांचे वडील गेले. घरच्यांनी कळवलं नाही. थोरला भाऊ जनार्दन फोनवर म्हणत राहिला, बाबांना जरा ताप आहे, आत्ताच डोळा लागलाय. पेपर देऊन आल्यावर उल्काताईंनी मोठ्या हौसेनं फोन लावला, तेव्हा तेरावंसुद्धा उरकलं होतं.

'त्यांनी मनावर दगड ठेवला म्हणून मी आज इथे उभी आहे,' असं म्हणून त्या गोष्ट संपवायच्या आणि ऐकणारे माना डोलवायचे. का नाही डोलवणार? आपल्याकडे हे असंच करतात. मुलाची बारावी आहे, आजी गेली, गप्प बसा. मुलीचा इंटरव्ह्यू आहे, बापाला अटॅक आला, तोंडातून ब्र काढू नका. वाईट बातमी पोटात ठेवायची आणि वर हसून बोलायचं, याला आपण माया म्हणतो आणि ती खोटी असते असंही नाही. पण त्या गोष्टीतला एक प्रश्न इतक्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता. तो विचारला हवाईच्या एका सतरा वर्षांच्या पोरीनं.

तिचं नाव नोहेआ. मोलोकाई नावाच्या लहानशा बेटावरची. बेट एवढं लहान की तिथे एकही ट्रॅफिक सिग्नल नाही, हे ती अभिमानानं सांगायची. हातात व्हॉलीबॉल चांगला असला की तिथल्या पोरी बेट सोडतात. आधी होनोलुलूची शाळा, मग नशीब नेईल तिकडे, कारण मागे राहून करण्यासारखं फार काही नसतं. नोहेआला नशिबानं मिल्टनमधल्या एका खाजगी व्हॉलीबॉल अकॅडमीत आणून टाकलं. अशा खेळाडू मुलांना वर्षभर स्वतःच्या घरी ठेवून घेणाऱ्यांना इथे बिलेट फॅमिली म्हणतात. यजमान हेमचंद्रराव गेल्यापासून उल्काताई चार बेडरूमच्या घरात एकट्याच. मुलगा अनुप मॉन्ट्रियलला, रविवारी 'आई, ऑल गुड ना?' एवढं विचारून मोकळा होणारा. त्यांनी फॉर्म भरला आणि ऑगस्टमध्ये पाच फूट अकरा इंचांची ही पोर दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली.

'हाय, आंटी,' म्हणाली.

उल्काताई तिथेच विरघळल्या. शेजारची शेंबडी पोरं त्यांना 'उल्का' म्हणून हाक मारायची. आणि ही पोर सांगत होती की आमच्याकडे मोठ्या बाईला नावानं हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. पहिल्याच आठवड्यात ग्रोसरीतून आळूची पानं आली, तर नोहेआ किंचाळलीच. तिच्या घरामागं आळूचंच शेत होतं. पानांत मांस बांधून ते लोक उकडतात, कंद कुटून त्याचं पोई नावाचं लापशीसारखं काहीतरी करतात. त्या दिवशी दोघींनी मिळून आळूवड्या केल्या आणि पोरीनं एकटीनं सतरा खाल्ल्या.

नोहेआला वाढवलं होतं तिच्या आजीनं. आजीला तिकडे टूटू म्हणतात. आई लास व्हेगासला नोकरीला, बापाचा पत्ता नाही. घरात टूटू आणि मावशी मोमी. टूटूची एक तऱ्हा होती. घराबाहेर पडताना 'जाऊ का?' विचारायचं आणि टूटूनं 'जा' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. विमानतळावर नोहेआनं विचारलं, तेव्हा म्हातारीनं आधी तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, 'जा. आणि माझी जायची वेळ येईल तेव्हा मी तुला विचारीन. तेव्हा तू मला द्यायची परवानगी.' नोहेआ हे हसत सांगायची, पण सांगताना तिचा आवाज बदलायचा.

ऑक्टोबरात एकदा टेस्टच्या टेन्शननं ती जेवेना, तेव्हा उल्काताईंनी आपली गोष्ट काढली. नेहमीच्या ठिकाणी थांबल्या, नेहमीसारखी दाद मिळेल म्हणून. नोहेआनं चमचा खाली ठेवला.

'ते तुमची वाट बघत होते का, आंटी?'

'कोण?'

'तुमचे वडील.'

'कुणास ठाऊक,' उल्काताई म्हणाल्या, आणि न मागता तिला आणखी भात वाढला.

नोहेआ भाताकडे बघत राहिली. 'आमच्याकडे काही झालं तर मला सांगाल ना? लगेच?'

'हो गं, सांगीन की,' त्या म्हणाल्या. असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो.

फेब्रुवारीत नॉर्थ यॉर्कला मोठी टूर्नामेंट आली. रविवारची फायनल बघायला एका युनिव्हर्सिटीची कोच येणार होती. तिच्या मनात नोहेआ भरली तर चार वर्षांचं शिक्षण फुकट, नाही तर जूनमध्ये बॅगा भरून परत बेटावर. अकॅडमीच्या कोचची शिस्त कडक. टूर्नामेंटच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या मुलींचे फोन एका डब्यात जायचे, ते फायनल झाल्यावरच परत. इमर्जन्सी असेल तर घरच्यांनी बिलेट फॅमिलीला फोन करायचा, असा नियम.

तो फोन शनिवारी दुपारी एकला आला. उल्काताई ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून नुकत्याच आत आल्या होत्या, बोटं बधिर झाली होती. मोमी बोलत होती. तिकडे सकाळचे आठ. टूटूला स्ट्रोक आला होता. डॉक्टर म्हणत होते, आजचा दिवस, फार तर उद्याचा.

'पण ती शुद्धीवर आहे,' मोमी म्हणाली. 'बोलता येत नाही, पण कान चांगले आहेत. ती नोहेआची वाट बघतेय. तिला फोनवर आणाल ना?'

'ऑफ कोर्स,' उल्काताई म्हणाल्या. 'आत्ता ती मॅचमध्ये आहे. मी तिला आणते.'

आणि हे त्या मनापासून म्हणाल्या, हे लिहून ठेवलं पाहिजे. गाडीची किल्लीसुद्धा त्यांनी उचलली होती. नॉर्थ यॉर्क पाऊण तासावर, रस्ते साफ, गाडीला विंटर टायर्स. पण दाराशी त्या थबकल्या आणि त्यांनी नीरजाला फोन लावला. नीरजा त्यांची वीस वर्षांची मैत्रीण.

'अगं, वेडी का तू?' नीरजा म्हणाली. 'उद्या फायनल्स आहेत ना तिच्या? मग टेल हर आफ्टर. तिचं सगळं फ्युचर आहे त्यात. मी आमच्या निमिषला आजोबा गेल्याचं त्याची मेडिकलची एमकॅट झाल्यावरच सांगितलं की नाही? ही वॉज टोटली फाइन.'

'पण ती बाई तिकडे वाट बघतेय गं.'

'आजी काय, आज ना उद्या जायचीच. पोरीचा चान्स परत येणारे का? आणि तू कोणाला विचारतेस! तुझ्याच घरच्यांनी काय केलं होतं?'

उल्काताईंनी किल्ली खुंटीला अडकवली. स्वतःचीच गोष्ट त्यांच्या पुढ्यात आली होती आणि तिच्यापुढे त्यांचं काही चालेना.

संध्याकाळी नोहेआ घरी आली ती उड्या मारतच. दोन्ही मॅचेस जिंकल्या होत्या. उल्काताईंनी वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी केली होती. पोर भुकेनं जेवत होती, मधेच कोपरावरचा बर्फाचा पॅक सरळ करत होती. सात वाजता ओट्यावरचा फोन वाजला. स्क्रीनवर मोमी.

त्या फोन घेऊन लाँड्रीरूममध्ये गेल्या, दार लोटलं.

'नोहेआ?' पलीकडून मोमीनं विचारलं.

'ती अजून आली नाही,' उल्काताई म्हणाल्या. भिंतीपलीकडे नोहेआच्या ताटाचा आवाज येत होता. 'टीमबरोबरच राहणार आहे आज. उद्या नक्की.'

'ठीक आहे, आंटी. तुम्ही आहात म्हणून बरं आहे,' म्हणाली.

त्या बाहेर आल्या तेव्हा नोहेआनं मान वर केली. 'कोण होतं?'

'नीरजा,' उल्काताई म्हणाल्या.

आयुष्यभर प्रयोगशाळेत त्यांनी दुसऱ्यांच्या रक्तातली सत्यं कागदावर उतरवून दिली होती, दशांशाचीही चूक न करता. आणि इथे एका दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्या दोन माणसांशी सराईतासारख्या खोटं बोलल्या. त्यांना भीती वाटली. पण ती भीती पोर हरेल याची आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

रविवारी अकराला फायनल सुरू झाली. उल्काताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर फोन. दुसऱ्या सेटच्या मध्यावर तो थरथरला. मोमी. हवाईत तेव्हा पहाट होती. एवढ्या पहाटे कोणी खुशाली कळवायला फोन करत नाही, हे न कळण्याइतक्या उल्काताई दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी फोन मांडीवर पालथा घातला. तो आणखी दोनदा थरथरला. समोर नोहेआ जाळ्यावर उंच उसळून चेंडू असा खाली हाणत होती की गॅलरीतले लोक उभे राहत होते. एवढं चांगलं ती आधी कधी खेळली नव्हती. युनिव्हर्सिटीची कोच वहीत काहीतरी लिहीत होती, आणि लिहिता लिहिता हसत होती.

जिंकल्या. उल्काताई जिमच्या दाराशी उभ्या राहून वाक्य जुळवत होत्या. आधी तिचं पोटभर अभिनंदन होऊ दे, मग गाडीत, हात हातात घेऊन. एवढा सगळा विचार केलेल्या बाईला डब्यातल्या फोनचा मात्र विसर पडला होता. मॅच संपल्यावर कोचनं आधी फोन वाटले.

उल्काताईंनी लांबून बघितलं. कॉरिडॉरमध्ये मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि नोहेआ भिंतीला टेकून फोनवर बोट वर वर सरकवत होती. सगळ्यात वरचा मेसेज शनिवारचा होता, तिकडच्या सकाळचा: 'उल्का आंटीला सांगितलंय. ती तुला फोनवर आणतेय. आम्ही वाट बघतोय.'

गाडीत ती मागच्या सीटवर बसली. याआधी कधी बसली नव्हती. मोमीशी ती स्पीकरवर बोलली, उल्काताईंना ऐकू यावं म्हणूनच असेल. मोमीला कोणाबद्दल काही वाईट म्हणायचं नव्हतं, ती फक्त सांगत होती. काल सकाळपासून फोन टूटूच्या उशीवर, कानाशी ठेवला होता. चार्जर लावून. वाजला की म्हातारी डोळे उघडायची. दर वेळी कोणीतरी दुसरंच असायचं. पहाटे तिचा श्वास अडकायला लागला, तरी ती जाईना. शेवटी मोमीनंच तिच्या कानात सांगितलं, 'नोहेआ म्हणतेय, जा.'

'तिनं ऐकलं?' नोहेआनं विचारलं.

'तिला कळलं की हे मीच म्हणतेय, तू नाही,' मोमी म्हणाली. 'पण ती गेली.'

४०१ हायवेवर बर्फाचा चिखल उडत होता. वायपर तो काचेवरून पुसत होते.

'तुझ्या भल्यासाठीच केलं गं, बाळा,' उल्काताई म्हणाल्या. बोलताना त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

'मला माहीत आहे,' नोहेआ म्हणाली. 'म्हणून तर तुमच्यावर नीट ओरडताही येत नाहीये.'

सोमवारी सकाळी ती मोलोकाईला निघाली. उल्काताईंनी डबा भरून दिला, तिनं तो घेतला नाही. दारात वळली, आणि सहा महिन्यांत एकदाही जिभेवर न बसलेलं नाव तिनं सावकाश, एकेक अक्षर जपून उच्चारलं. 'गुडबाय, मिसेस देवपुजारी.'

दहा दिवसांनी युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. जागा पक्की, चारही वर्षं. उल्काताईंनी ते पुढे पाठवलं, मग फोन केला, मग मेसेज. उत्तर नाही. शेवटी अकॅडमीच्या कोचनं सांगितलं की पोरीनं नकार कळवलाय, ती मोमीबरोबर आळूचं शेत बघतेय. 'सच अ वेस्ट,' कोच म्हणाला. 'ती फायनल आठवली की आपण खेळलोच कशाला असं वाटतं, म्हणते.'

त्या दिवशी उल्काताई बराच वेळ नोहेआच्या रिकाम्या खोलीत बसल्या. पलंगाखाली एक नी-पॅड राहिला होता. मग त्यांनी नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, जनार्दनदादा टीव्ही बघत होता. वय चौऱ्याहत्तर.

'दादा, एक विचारू? बाबांनी माझं नाव काढलं होतं का?'

'कधी?'

'जाताना.'

टीव्हीचा आवाज बंद झाला.

'आता कशाला ते, उल्के? इतकी वर्षं झाली.'

'सांग.'

'दोन दिवस,' जनार्दन म्हणाला. 'फाटक वाजलं की विचारायचे, उल्की आली का. आम्ही म्हणायचो, निघाली आहे बाबा, वाटेत आहे. तेवढ्यानं शांत व्हायचे बिचारे.' तो थांबला. मग घाईनं बोलला, 'अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ना आम्ही. पास झालीस की नाही?'

'माहीत आहे रे, दादा,' उल्काताई म्हणाल्या.

जनार्दन आणखी काहीतरी सांगत होता. त्यांनी फोन बंद केला.